पहिल्या टीकाकारांना रद्दीत काढू नका

महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठांच्या ग्रंथालयांतील निर्लेखन समित्यांचे सन्माननीय सदस्य व ग्रंथपाल यांस,

सप्रेम नमस्कार.

पुस्तक-पडताळणी झाली की आपल्यापुढे निर्लेखनाची, म्हणजे संग्रहातून काढून टाकण्यासाठी सुचवलेल्या पुस्तकांची, एक यादी येते. दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. जीर्ण, गहाळ, जुनी आवृत्ती, मागणी नाही. त्या रकान्यात काय लिहिलं जातं यावर पुस्तक कपाटात राहणार की गठ्ठ्यात बांधलं जाणार हे ठरतं. हे पत्र त्या रकान्याबद्दल आहे.

काही वर्षांपूर्वी अशी एक यादी माझ्या हाती आली. ग्रंथालय कोणतं ते सांगत नाही, कारण तिथल्या लोकांनी नियमाबाहेर काहीही केलेलं नव्हतं. यादीत के. आर. श्रीनिवास अय्यंगार यांचं इंग्रज चरित्रकार लिटन स्ट्रेचीवरचं समीक्षेचं पुस्तक होतं. शेरा होता, 'याच विषयावर नवीन व मोठा ग्रंथ उपलब्ध.' हा मोठा ग्रंथ म्हणजे मायकेल होलरॉइड यांनी लिहिलेलं स्ट्रेचीचं चरित्र. मी दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा गठ्ठे उचलले गेले होते.

तो शेरा तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. तो निष्काळजीपणाने लिहिलेला असता तर मला इतकं वाईट वाटलं नसतं. पण तो विचार करूनच लिहिलेला होता. विषय एकच, नवा ग्रंथ मोठा आणि अधिक माहितीचा, मग जुन्याची जागा का अडवायची? वरवर पाहता यात काहीच चूक दिसत नाही. ती चूक कुठे आहे ते सांगण्यासाठी मला थोडं मागे जावं लागेल.

मी लिटन स्ट्रेचीवर झालेलं सुरुवातीचं समीक्षालेखन जमवते. 1918 मध्ये 'एमिनंट व्हिक्टोरियन्स' आलं तिथपासून 1957 मध्ये चार्ल्स रिचर्ड सँडर्स यांचा 'लिटन स्ट्रेची : हिज माइंड अँड आर्ट' हा अभ्यास आला तिथपर्यंतचं. परीक्षणं, वर्तमानपत्रांना लिहिलेली पत्रं, व्याख्यानांच्या पातळ पुस्तिका, शोधनिबंध, कुणाच्या तरी मोठ्या पुस्तकातलं एखादं प्रकरण. इंग्रजी शिकवत असताना हा नाद लागला आणि शिकवणं थांबलं तरी तो सुटला नाही.

स्ट्रेची आपल्याला परका वाटेल, पण त्याच्या नावातच आपल्या इतिहासाचा एक तुकडा आहे. 1 मार्च 1880 रोजी तो लंडनमध्ये जन्मला तेव्हा त्याच्या घराची दोन पिढ्यांची नोकरी हिंदुस्थानातली होती. वडील सर रिचर्ड स्ट्रेची इथे इंजिनिअर होते. 1876 ते 1878 या काळातल्या भीषण दुष्काळानंतर जो दुष्काळ आयोग नेमला गेला, त्याचे ते अध्यक्ष. मुलाला 'लिटन' हे नाव मिळालं ते व्हाइसरॉय लॉर्ड लिटनवरून. हा तोच लिटन, ज्याने 1878 मध्ये देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची गळचेपी करणारा कायदा आणला. मराठी माणसाने हे नाव शाळेच्या इतिहासात वाचलेलं असतं, फक्त त्याच नावाचा एक लेखक होऊन गेला हे बहुतेकांना ठाऊक नसतं. केंब्रिजमध्ये फेलोशिप मिळवण्यासाठी या मुलाने जो प्रबंध लिहिला त्याचा विषय होता वॉरन हेस्टिंग्ज. त्यात त्याने हेस्टिंग्जची बाजू घेतली होती. फेलोशिप मिळाली नाही.

साम्राज्याच्या अशा उंबऱ्यावर वाढलेल्या माणसाची चार छोटी चरित्रं त्याच्या वयाच्या अडतिसाव्या वर्षी एका पुस्तकात आली, तेच 'एमिनंट व्हिक्टोरियन्स'. कार्डिनल मॅनिंग, फ्लॉरेन्स नाइटिंगेल, रग्बी शाळेचे डॉ. आर्नल्ड आणि खार्टूममध्ये मारला गेलेला जनरल गॉर्डन. चौघंही त्यांच्या समाजाने देव्हाऱ्यात बसवलेली माणसं. पहिलं महायुद्ध संपायला अजून सहा महिने होते. आधीच्या पिढीच्या थोर माणसांनी घालून दिलेल्या आदर्शांखाली तरुण पोरं खंदकांत मरत होती, आणि नेमक्या त्या वेळी हे पुस्तक निघालं. स्वतः स्ट्रेचीने 1916 मध्ये लढायला नकार दिला होता आणि त्यासाठी न्यायाधिकरणापुढे उभं राहून जबाब दिला होता.

त्या काळी थोर माणूस गेला की त्याच्या चरित्राचे दोन जाडजूड खंड निघत. स्ट्रेचीने प्रस्तावनेत त्या खंडांची तुलना अंत्ययात्रेच्या सरंजामाशी केली आणि सांगितलं की चरित्रकाराचं पहिलं काम थोडक्यात लिहिणं, आणि दुसरं, तितकंच महत्त्वाचं, आपलं मन मोकळं ठेवणं. इतिहासकाराची पहिली पात्रता अज्ञान, असंही त्याचं एक वाक्य आहे. या वाक्याकडे मी पुन्हा येणार आहे.

पुस्तक आल्यावर काय झालं? जेमतेम दीड वर्षापूर्वीपर्यंत इंग्लंडचा पंतप्रधान असलेल्या हर्बर्ट अ‍ॅस्क्विथने ऑक्सफर्डच्या रोमानेस व्याख्यानात त्याची जाहीर वाखाणणी केली. युद्धविरोधी लेखनासाठी तुरुंगात असलेला बर्ट्रंड रसेल कोठडीत ते वाचताना इतक्या मोठ्याने हसला की पहारेकऱ्याने येऊन त्याला बजावलं, तुरुंग ही शिक्षेची जागा आहे. आणि दुसऱ्या बाजूला जुन्या पिढीतला टीकाकार एडमंड गॉस. टाइम्सच्या साहित्य पुरवणीत, गॉर्डनच्या प्रकरणात आलेल्या लॉर्ड क्रोमर या इजिप्तमधल्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या चित्रणाविरुद्ध त्याने पत्र लिहिलं, आणि पुढे 'एडिंबरो रिव्ह्यू'मध्ये व्हिक्टोरियन युगाच्या यातनांवर सविस्तर निबंध लिहिला. डॉ. आर्नल्डची नात, कादंबरीकार मेरी वॉर्ड, हिनेही आपला निषेध छापून आणला.

गॉसच्या निबंधाचा मला विशेष जिव्हाळा आहे, आणि आपल्याला तो का दाखवावासा वाटतो ते सांगते. हा तोच गॉस, ज्याने 1907 मध्ये स्वतःच्या कडव्या धर्मनिष्ठ वडिलांबद्दल एक विलक्षण प्रांजळ पुस्तक लिहिलं होतं. वडिलांबद्दल इतकं मोकळेपणाने लिहिणारा माणूस स्ट्रेचीच्या मोकळेपणाने कळवळतो, याचा अर्थ काय? एक पिढी स्वतःच्या घरातलं सत्य सांगायला तयार होती आणि तेच सत्य बाहेरच्याने, सुरात दुःख न आणता, सांगितलं तर ते तिला सहन होत नव्हतं. गॉसला दुःख हवं होतं. स्ट्रेचीच्या वाक्यांत ते नव्हतं, किंवा होतं ते फार खोल दडलेलं होतं. हा फरक आजच्या कुठल्याही साहित्येतिहासात मला इतका स्पष्ट दिसलेला नाही. तो कळतो दोन जुने मजकूर शेजारी ठेवून वाचले की. त्यासाठी ते दोन्ही कपाटात असावे लागतात.

आता होलरॉइड यांच्याकडे येते. त्यांच्या चरित्राचे दोन खंड 1967 आणि 1968 मध्ये आले. कुटुंबाने जपलेले कागद, पत्रांचे ढीग, मित्रमंडळींच्या आठवणी या सगळ्यांतून उभं राहिलेलं ते काम आहे आणि त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. स्ट्रेचीचं पुरुषांवरचं प्रेम, त्याच्यासाठी आयुष्य वाहिलेली चित्रकर्ती डोरा कॅरिंग्टन, त्याच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांच्या आत तिने केलेली आत्महत्या, हे सगळं त्या ग्रंथाने उघडपणे मांडलं. ते त्याआधी मांडणं अवघडच होतं. इंग्लंडमध्ये प्रौढ पुरुषांचे खासगी समलिंगी संबंध गुन्हा न मानण्याचा कायदाच 1967 मधला. चरित्रलेखनाच्या इतिहासातला तो एक टप्पाच.

पण त्यानंतर एक गोष्ट घडली. स्ट्रेचीकडे पाहणाऱ्या प्रत्येकाची नजर त्याच्या आयुष्यावर खिळली. लांब दाढी, किरटा आवाज, ते घर, ती माणसं. त्याची वाक्यं मागे पडली. आणि इथे त्याचं स्वतःचं वाक्य त्याच्या टीकाकारांना लागू पडतं. 1967 च्या आधी लिहिणाऱ्यांकडे अज्ञान होतं. त्यांना पत्रं पाहायला मिळाली नव्हती, आणि जे थोडंफार ठाऊक होतं ते छापता येत नव्हतं. त्यांच्यापुढे फक्त पुस्तकं होती. त्यामुळे त्यांना पुस्तकंच वाचावी लागली. परिच्छेदाचा शेवट तो कसा करतो, एका विशेषणाने माणसाला कसा खाली बसवतो, मूळ साधन काय म्हणतं आणि त्यातलं हा काय घेतो, काय सोडतो. हे बारकाईचं वाचन नंतरच्या काळात फार थोड्यांनी केलं, कारण नंतरच्यांना दुसरं पुष्कळ काही मिळालं होतं.

म्हणून म्हणते, 'याच विषयावर मोठा ग्रंथ उपलब्ध' हा शेरा चुकीचा होता. विषय एक नव्हता. होलरॉइड यांचा विषय स्ट्रेची नावाचा माणूस आहे, अय्यंगारांचा विषय स्ट्रेचीचं लेखन. एकाला दुसऱ्याची जागा घेता येत नाही.

अय्यंगारांबद्दल थोडं अधिक लिहायलाच हवं. 1930 च्या दशकात ते बेळगावात इंग्रजी शिकवत होते, वय तिशीच्या आतबाहेर. तिथून त्यांनी स्ट्रेचीवर पूर्ण लांबीचा समीक्षाग्रंथ लिहिला आणि तो दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये चॅटो अँड विंडस या प्रकाशनसंस्थेने काढला. स्ट्रेचीची पुस्तकं काढणारी संस्था तीच. जरा विचार करा. स्ट्रेचीला जाऊन जेमतेम सहा-सात वर्षं झाली होती. त्याच्यावर स्वतंत्र पुस्तकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीसुद्धा नव्हती. 1933 मधलं क्लिफर्ड बोअर-शोअर यांचं छोटं पुस्तक आणि 1935 मधली गाय बोआस यांची इंग्लिश असोसिएशनसाठी लिहिलेली पुस्तिका, अशी थोडी नावं सांगता येतात. अशा वेळी मुंबई इलाख्यातला एक तरुण प्राध्यापक हे काम अंगावर घेतो, आणि ज्यांच्या भाषेबद्दल लिहितो त्यांच्याच देशात ते छापलं जातं.

पुढे अय्यंगार भारतीय इंग्रजी साहित्याचे इतिहासकार म्हणून नावाजले, पण मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. ते स्वतः चरित्रकार झाले. 1945 मध्ये त्यांनी श्रीअरविंदांचं चरित्र लिहिलं, नंतर श्रीअरविंदांच्या आश्रमातल्या श्रीमाताजींचं लिहिलं आणि या दुसऱ्या ग्रंथाला 1980 मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे मूर्तिभंजक म्हणून गाजलेल्या चरित्रकाराचा अभ्यास करून हा माणूस श्रद्धेच्या चरित्राकडे गेला. का गेला? स्ट्रेचीकडून त्याने काय घेतलं आणि काय जाणूनबुजून नाकारलं? भारतातल्या चरित्रलेखनाबद्दल विचारण्याजोगा हा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर शोधायची सुरुवात त्या पहिल्या पुस्तकापासूनच करावी लागते. ज्या प्रदेशात ते लिहिलं गेलं, त्याच भागातल्या ग्रंथालयांतून ते 'मागणी नाही' म्हणून निघून जावं, हे मला सहन होत नाही.

मागणीबद्दल सांगायचं तर, अशा पुस्तकांना मागणी नसतेच. ती वीस वर्षांतून एकदा एका माणसाला लागतात. पण ज्याला लागतात त्याचं त्यांच्यावाचून अडतं. देवघेवीच्या नोंदींवरून कादंबऱ्यांच्या प्रती किती ठेवाव्यात ते ठरवता येईल. टीकाग्रंथाच्या एकुलत्या एका प्रतीला तो हिशेब लावू नये, ही माझी विनंती आहे.

सुरुवातीच्या लेखनातलं सगळंच चांगलं आहे असा माझा दावा नाही. पुष्कळसं सामान्य आहे, काही थेट चुकीचं. तरी ते ठेवावं असं मी म्हणते. गॉर्डनच्या प्रकरणात स्ट्रेचीने शाये-लाँग या अधिकाऱ्याच्या आठवणीचा आधार घेतला आणि बायबल व ब्रँडी घेऊन तंबूत कोंडून घेणारा गॉर्डन वाचकांच्या मनात कायमचा बसला. 1931 मध्ये बर्नार्ड अ‍ॅलन यांनी गॉर्डनवरच्या ग्रंथात या आठवणीची उलटतपासणी केली आणि ती टिकत नाही असं दाखवलं. म्हणजे स्ट्रेची जिवंत असतानाच त्याच्या पुराव्याला आव्हान दिलं गेलं होतं. चरित्रकार साधनं कशी वापरतो हे विद्यार्थ्याला शिकवायचं असेल तर याहून चांगला धडा मला माहीत नाही. एका बाजूला स्ट्रेचीचं पान, दुसऱ्या बाजूला अ‍ॅलन. मी हा तास घेतलेला आहे आणि वर्गातली शांतता मला आठवते.

व्हर्जिनिया वुल्फचंच पाहा. 'क्वीन व्हिक्टोरिया' हे 1921 मधलं पुस्तक स्ट्रेचीने तिला अर्पण केलेलं. 1939 मध्ये, तो गेल्यावर सात वर्षांनी, तिने चरित्रकलेवर निबंध लिहिला आणि त्यात मैत्रीची भीड न ठेवता सांगितलं की व्हिक्टोरियाचं चरित्र साधलं आहे आणि 1928 मधलं पहिल्या एलिझाबेथ राणीचं फसलं आहे. व्हिक्टोरियाबद्दल अमाप माहिती होती आणि स्ट्रेचीने त्या माहितीच्या मर्यादेत राहून काम केलं. एलिझाबेथबद्दल माहिती तोकडी, तिथे त्याने कल्पनेला मोकळं सोडलं, आणि मग ते ना धड चरित्र राहिलं ना धड नाटक झालं. यावरून ती अशा निष्कर्षाला येते की चरित्र ही कला नव्हे, कारागिरी आहे. हे वाक्य आजही उद्धृत होतं. पण त्या वेळी वुल्फ स्वतः काय करत होती? ती कलासमीक्षक रॉजर फ्रायचं चरित्र लिहीत होती, जे 1940 मध्ये आलं. वस्तुस्थितीच्या ओझ्याखाली ती रोज वाकत होती. तो निबंध म्हणजे एका चरित्रकाराने दुसऱ्याबद्दल, काम हातात असताना, केलेलं टिपण आहे. तारीख काढून टाकली की तो निव्वळ सिद्धान्त उरतो. मूळ मासिकाचा अंक, मग निबंधसंग्रह, मग फ्रायचं चरित्र अशा क्रमाने ते हाती आलं तर त्यातली धडधड ऐकू येते.

आणि त्याच एलिझाबेथच्या पुस्तकाबद्दल 1928 च्या नाताळात फ्रॉइडने स्ट्रेचीला पत्र लिहून आपली पसंती कळवली होती. पुस्तक ज्या जोडप्याला अर्पण केलेलं, ते जेम्स आणि अ‍ॅलिक्स स्ट्रेची, हेच फ्रॉइडचे इंग्रजी अनुवादक. वुल्फला जे फसलेलं वाटलं त्यात फ्रॉइडला अर्थ दिसला. दोघांपैकी कोण बरोबर हे मी ठरवणार नाही. मात्र माझं स्वतःचं मत विचाराल तर ते वुल्फच्या बाजूचं आहे.

आंद्रे मोर्वा आणि हॅरल्ड निकोल्सन यांच्या चरित्रकलेवरच्या पुस्तकांबद्दल मी इथे फार लिहीत नाही, ती अजून पुष्कळ ठिकाणी टिकून आहेत. टीकाकार सिरिल कॉनोली यांचं 1938 मधल्या पुस्तकातलं प्रकरणही सहज मिळतं. त्यांनी 'एमिनंट व्हिक्टोरियन्स'ला विसाच्या दशकातलं पहिलं पुस्तक म्हटलं, ते 1918 मध्ये येऊनसुद्धा. मला काळजी आहे ती पातळ पुस्तिकांची.

मॅक्स बीरबोमने 1943 मध्ये केंब्रिजला रीड व्याख्यान दिलं, विषय लिटन स्ट्रेची. दुसरं महायुद्ध चालू होतं. सत्तरी ओलांडलेला एक व्यंगचित्रकार आणि निबंधकार उभा राहून, आपल्यापेक्षा लहान आणि आधीच गेलेल्या एका लेखकाच्या गद्याबद्दल बोलतो. त्याचं पहिलं दर्शन कसं झालं ते सांगतो, आणि मग वाक्यांवर येतो. छापील व्याख्यान म्हणजे पातळशी पुस्तिका. उभी ठेवली की दोन जाड ग्रंथांच्या मध्ये दिसेनाशी होते. अशा पुस्तिकांना कणा नसतो, म्हणून त्यांच्यावर नाव नसतं. नाव नसतं म्हणून पडताळणीत त्या 'गहाळ' ठरतात, आणि गहाळ ठरलेलं पुस्तक पुढे सापडलं तरी यादीत परत येत नाही. बोआस यांची पुस्तिका मला अशाच एका बांधीव खंडात सापडली. कुणीतरी तेरा-चौदा पुस्तिका एकत्र शिवून कण्यावर 'किरकोळ' असं लिहिलं होतं. टाचण्यांचा गंज पहिल्या पानांत उतरला होता, पण मजकूर शाबूत होता. त्या बाइंडरचे मी मनात आभार मानले, आणि नोंदवहीत त्या तेरा-चौदा शीर्षकांच्या जागी एकच ओळ केली गेली होती याचं वाईट वाटलं.

नियतकालिकांचं दुखणं याहून खोल आहे. टाइम्सच्या साहित्य पुरवणीत 1974 पर्यंत परीक्षणं निनावी छापली जात. स्ट्रेचीच्या पुस्तकांची तिथली परीक्षणं त्यामुळे छापील अंकांत परीक्षकाच्या नावाने शोधून मिळत नाहीत. ती तारखेवरूनच शोधावी लागतात, आणि त्यासाठी पानं उलटावी लागतात. जुन्या अंकांचे बांधीव खंड 'आता संगणकावर मिळतं' म्हणून काढले जातात तेव्हा ही सोय जाते. संगणकावर मिळतं ते वर्गणी चालू असेल तोवर.

कुणी म्हणेल, सगळं आता इंटरनेटवर फुकट आहे. सगळं नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं स्वामित्वहक्क राहतो. स्ट्रेची 1932 मध्ये गेला, त्यामुळे त्याची पुस्तकं इथे केव्हाच मुक्त झाली आहेत. बीरबोम 1956 मध्ये गेला, तोही आता मुक्त. पण अय्यंगार 1999 मध्ये गेले. त्यांचं पुस्तक 2059 संपेपर्यंत हक्काखाली आहे. नवी आवृत्ती काढण्यात कुणाला रस नाही आणि जुनी मोफत चढवण्याची कायद्याने मोकळीक नाही. अशा पुस्तकांचं अस्तित्व पुढची कित्येक वर्षं कागदावरच असणार आहे, आणि तो कागद आपल्या ताब्यात आहे. मूळ लेखक सहज मिळतो आणि त्याचा पहिला अभ्यासक मिळत नाही, ही उलटी परिस्थिती यातूनच तयार झाली आहे.

तेव्हा माझं मागणं असं. शेऱ्याच्या रकान्यात 'नवीन ग्रंथ उपलब्ध' असं लिहिण्यापूर्वी समितीतल्या कुणीतरी एकाने दोन्ही पुस्तकांच्या अनुक्रमणिका समोरासमोर ठेवून पाहाव्यात. एका लेखकाच्या मृत्यूपासून पंचवीस-तीस वर्षांच्या आत त्याच्यावर जे लिहिलं गेलं ते सहसा काढूच नये. काढायचंच झालं तर गठ्ठा बांधण्याआधी इतर ग्रंथालयांना यादी कळवावी आणि महिनाभर थांबावं. पुस्तिकांची नोंद एकेकीची करावी, मग त्या एकत्र शिवलेल्या असल्या तरी. पुठ्ठा बदलताना मूळ वेष्टन, तारखांची पट्टी, मागच्या खिशातलं कार्ड फेकू नये.

आणि समासातल्या खुणा खोडू नयेत. माझ्याकडे मोर्वाच्या चरित्रविषयक व्याख्यानांची एक प्रत आहे, कुठल्याशा महाविद्यालयातून निघालेली. तिच्यात एका शिक्षकाने पेन्सिलने जागोजागी टिपणं केली आहेत. एके ठिकाणी लिहिलंय, 'हे खरं, पण आपल्याकडे चरित्रनायकाचे नातू वर्गात बसलेले असतात.' हस्ताक्षर मराठी, पुस्तक इंग्रजी. स्ट्रेची इथे कसा वाचला गेला, त्याच्या पद्धतीचं इथे काय होऊ शकत होतं, याचा यापेक्षा अस्सल पुरावा कुठे मिळेल? समीक्षेचा इतिहास लिहिणाऱ्याला छापलेल्या पुस्तकांइतकीच ही पेन्सिलीची ओळही मोलाची आहे.

इंग्रजी आणि मराठी विभागांतल्या सहकाऱ्यांनाही याच पत्रात एक शब्द. दरवर्षी कितीतरी प्रकल्प लिहून घेतले जातात. त्यांतला एखादा असा द्या की विद्यार्थ्याने एका चरित्रकारावरचं पहिल्या पंचवीस वर्षांतलं सगळं लेखन शोधायचं, हाताळायचं आणि प्रत्येकावर चार ओळींचं टिपण करायचं. स्ट्रेचीवरच असं नाही. आपल्या भाषेतल्या कुठल्याही मोठ्या चरित्रकारावर हे करता येईल, आणि तिथे अवस्था याहून बिकट आहे. काम कंटाळवाणं वाटेल. पण त्यातून विद्यार्थ्याला कळतं की आज आपण जे मत सहज बोलून जातो ते कधीतरी कुणीतरी पहिल्यांदा, विरोध सोसून, मांडलेलं होतं. मुख्य म्हणजे अशी यादी तयार असली की निर्लेखनाच्या वेळी ती आपल्याला वापरता येईल.

आपल्या अडचणी मला माहीत आहेत. जागा थोडी, माणसं त्याहून थोडी, कपाटं पावसाळ्यात ओल धरतात, आणि तपासणीला येणारा माणूस वाचकसंख्येचे आकडे मागतो, जुन्या पुस्तकांचं महत्त्व विचारत नाही. ज्या ग्रंथपालांनी मला धुळीतल्या कपाटांच्या किल्ल्या दिल्या, कार्यालयीन वेळ संपल्यावरही थांबू दिलं, त्यांच्यामुळेच माझा संग्रह आहे. तो माझ्यानंतर कुठल्या ग्रंथालयाकडे जावा याचा विचार मी सुरू केला आहे. जे ग्रंथालय प्रत्येक पुस्तिकेची स्वतंत्र नोंद करायला तयार असेल त्याला तो द्यायचा, एवढं ठरलं आहे.

शेवटी त्या हरवलेल्या प्रतीबद्दल. अय्यंगारांचं ते पुस्तक मी विद्यार्थिनी असताना त्याच ग्रंथालयातून घरी नेलं होतं. स्ट्रेचीवर लिहिलेलं मी वाचलेलं ते पहिलं पुस्तक. फिकट निळ्या कापडाची बांधणी, मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला गोल शिक्का, आणि एकशे बाराव्या पानाचा खालचा कोपरा दुमडलेला. तो मीच दुमडला होता, तो दुमडायला नको होता. मागच्या खिशात कार्ड असेल तर त्यावर माझी सही तीन वेळा आहे. गठ्ठ्यातून वाचून ती प्रत आपल्यापैकी कुणाच्या कपाटात किंवा कुणाच्या घरी पोचली असेल, तर मला ती परत नको आहे. ती आहे, एवढं फक्त कळवावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका